जाळीचा हौद द्या, पण आधी त्याची राखण ठरवा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, धुळे

विषय : होडीला जोडून वापरायचे हवेचे तरते जाळीहौद, त्यांचा वापर आणि देखभाल यांबाबत धुळे जिल्ह्यातील नावाडी, मासेमार व पोहणाऱ्यांच्या संघटनेचे मागणीपत्र

महोदय,

आम्ही पाण्यावर पोट असलेली माणसे आहोत. आमच्यातले काही सुलवाडे बॅरेजच्या फुगवट्यात जाळी टाकतात. काही जण मुडावदला कपिलेश्वराच्या दर्शनाला आलेल्यांना होडीत बसवून पांझरा-तापीच्या संगमावर फिरवतात, काही उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातल्या पोरासोरांना पोहायला शिकवतात. कुणी बुडाले की पोलीस पाटलाच्या आधी हाक आम्हाला येते. रात्री-अपरात्री बॅटरीच्या उजेडात डोहात उतरणारे आणि गळ टाकून मढे वर काढणारे हात आमचेच असतात. हे काम आम्ही माणुसकीने करतो आणि पुढेही करू. पण माणूस बुडूच न देणे हे मढे काढण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे, आणि त्याची व्यवस्था आपल्या अधिकारात आहे, म्हणून हे पत्र.

पाणी काय करू शकते हे खान्देशाला नव्याने सांगायला नको. १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या पर्वणीला, धडगाव तालुक्यात भुषा येथे नर्मदेत भाविकांनी भरलेली बोट उलटली आणि किमान सहा जण गेले. मे २०२४ मध्ये तर एकाच आठवड्यात दोन घाव बसले. २१ मे रोजी उजनी धरणाच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण बुडाले. दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणाचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. ती तुकडी आपल्या धुळ्याची होती. हातात साधने असलेली, शिकलेली माणसे होती ती. आधीच्या दिवशी पोहायला उतरलेला तरुण बुडाला नसता तर त्या जवानांना त्या पाण्यात उतरावे लागले नसते. एका बुडण्यामागून दुसरे बुडणे कसे येते हे आम्ही काठावर उभे राहून फार वेळा पाहिले आहे. भावाला वाचवायला भाऊ जातो, पोराला वाचवायला बाप जातो.

आता मागणीच्या वस्तूविषयी. परदेशात समुद्रात हिंडणाऱ्या लहान बोटींच्या मागे हवेने फुगवलेली गोल किंवा चौकोनी नळी बांधतात. नळीखाली चारी बाजूंनी आणि तळाला जाळी सोडलेली असते. बोटीवरची माणसे, विशेषतः मुले, त्या जाळीच्या आत पोहतात. तिकडे त्यांना भीती असते जेलीफिशची. आमच्या तापीत जेलीफिश नाही, पण तापीचा तळ दिसत नाही. कुठे मांडीपर्यंत रुतवणारा गाळ, कुठे फुगवट्यात बुडालेल्या बाभळीचे बुंधे, कुठे वाहून आलेल्या तुटक्या नायलॉनच्या जाळ्या. सर्वात वाईट म्हणजे वाळू उपशाने पडलेले खड्डे. कमरेइतक्या पाण्यातून माणूस एक पाऊल पुढे टाकतो आणि पाणी डोक्यावरून जाते. पोहता येणाऱ्यालाही तिथे क्षणभर सुचत नाही, न येणाऱ्याचे तर संपलेच. जाळीचा हौद नदी बदलत नाही, पण पोहणाऱ्याच्या पायाखाली ठरलेल्या खोलीवर काहीतरी ठेवतो आणि त्याला प्रवाहाबरोबर किंवा वाऱ्याबरोबर लांब जाऊ देत नाही. आमच्या कामासाठी एवढे पुष्कळ आहे.

अशी कल्पना गरीब मुलखातही चालते, याचा पुरावा शेजारी आहे. बांगलादेशात ‘स्विमसेफ’ कार्यक्रमात गावच्या तळ्यातच पाण्याखाली बांबूचा मचाण बसवतात, भोवती बांबूचे कुंपण घालतात आणि त्यात चार ते बारा वर्षांच्या मुलांना पोहायला शिकवतात. शिकलेल्या मुलांमध्ये बुडून मरण्याचे प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा नव्वद टक्क्यांहून अधिक कमी आढळले. आपल्याकडे पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकलायची रीत होती. त्या रीतीने कित्येक पिढ्या शिकल्या, पण विहिरी आता आटल्या किंवा बुजल्या आणि शिकवणारे थोडे राहिले. पोरे मात्र अजूनही वैशाखात पाण्याकडेच धावतात. पॅरिससारख्या शहरात १९२३ पासून सीन नदीत पोहायला बंदी होती. जुलै २०२५ मध्ये तीन ठिकाणी नदी पुन्हा उघडली, तीसुद्धा बोयांनी आखलेल्या हद्दीत, जीवरक्षक बसवून आणि पाणी तपासून. पाणी बिघडले की त्या दिवशी बंद. नुसत्या बंदीच्या पाटीने पोहणारा थांबत नाही, हद्द आखून माणूस बसवला तर थांबतो, असा आमचाही काठावरचा अनुभव आहे.

मात्र या पत्रातली मुख्य गोष्ट हौद घ्या ही नाही. राखणीवाचूनचा जाळीचा हौद मोकळ्या नदीपेक्षा जास्त घातक आहे. मोकळ्या नदीला माणूस भितो. जाळी दिसली की भीती जाते, आई पोराचा हात सोडते, पोहता न येणारा मधोमध जातो. त्या जाळीला त्याच दिवशी हातभर भोक पडलेले असेल किंवा एका बाजूची हवा बसलेली असेल, तर आपण त्याला विश्वासाने मरणाकडे पाठवले असे होईल. एका जलाशयावर अपघातानंतर आलेली लाइफ जॅकेटे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. कुलूपबंद खोलीत एकावर एक रचलेली, आतला फोम चेपलेला, पट्ट्यांची बकले तुटलेली. खरेदी झाली होती. सांभाळायची कुणी, हे कुठल्याच कागदावर नव्हते. तसे या हौदांचे होणार असेल तर हौद नकोत, असे संघटनेने एकमताने ठरवले आहे.

राखणीची गोष्ट या जिल्ह्याला परकी नाही. पांझरेवर शेकडो वर्षे सामूहिक सिंचनाची फड पद्धत चालली. बंधारा, पाट, चाऱ्या, कोणत्या फडाला कधी पाणी हे सगळे गाव पाहत असे. त्यासाठी पाटकरी, जागल्या, हवालदार ठरलेले असत आणि त्यांचा मोबदलाही ठरलेला असे. पाट फुटला तर कुणाला उठवायचे हे लहान पोरालाही ठाऊक होते. आमच्या सगळ्या मागण्या त्याच समजुतीवर उभ्या आहेत : वस्तूच्या आधी माणूस ठरवा, त्याचा मोबदला ठरवा आणि बंद करण्याचा अधिकार त्याच्या हातात द्या.

पहिली मागणी जागेची. सुरुवातीला जिल्ह्यात दोनच ठिकाणी हौद लावावेत : सुलवाडे बॅरेजच्या वरच्या अंगाला, दारांपासून आणि पाणी उचलण्याच्या विहिरींपासून दूर, आणि मुडावदला, संगमाच्या भोवऱ्यापासून बाजूला, संथ पाण्यात. बॅरेजच्या खालच्या अंगाला कधीही नाही. नकाणे तलावावर आम्ही हौद मागत नाही, कारण ते धुळे शहराच्या पिण्याचे पाणी आहे. शहराच्या खालच्या अंगाला पांझरेतही मागत नाही, कारण तिथे सांडपाणी मिसळते आणि जाळी घाण अडवत नाही. निवडलेल्या जागेचे पाणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून हंगामापूर्वी आणि हंगामात दर महिन्याला तपासून घ्यावे. अंघोळीच्या पाण्याचे निकष ठरलेले आहेत : सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा अधिक, बीओडी (जैविक प्राणवायूची गरज) ३ मिलिग्रॅमपर्यंत, विष्ठाजन्य जिवाणू १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावेत आणि २५०० च्या वर कदापि नकोत. निकाल काठावर फळ्यावर मराठीत लिहावा. पाण्यावर हिरवा-निळा तवंग आला तर अहवालाची वाट न पाहता हौद बंद ठेवावा.

दुसरी मागणी हौदाच्या बांधणीची. निविदा निघण्यापूर्वी आमच्यातल्या जाळी विणणाऱ्यांना आणि नावाड्यांना नमुना दाखवावा, कारण चुकीची जाळी आली तर ती पाच वर्षे गळ्यात राहील.

नळी एकसलग नको. तिचे किमान चार वेगळे कप्पे असावेत, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे हौद तोलून धरतील. हवेच्या बोटींना हाच नियम असतो. चाळीस सेंटिमीटर जाडीच्या नळीचा एक मीटर तुकडा पूर्ण बुडाला तर सुमारे १२५ किलो भार पेलतो. पाण्यात उभ्या माणसाचा भार नळीवर फारसा येत नाही, पण तोच माणूस नळीवर चढून बसला की सगळा येतो, आणि पोरे बसतात ती सगळी एकाच बाजूला, जिथून होडी दिसते. म्हणून नळीवर बसायला मनाई आणि कडेने पकडायला दोराच्या कड्या, दोन्ही हवे.

जाळी गाठींची नको, बिनगाठीची हवी. गाठ उघड्या पायाला घासते. डोळे असे बारीक असावेत की मुलाचे बोट आत अडकणार नाही. आम्ही आठ मिलिमीटरच्या आतले मागतो. बारीक डोळ्यांची जाळी लवकर शेवाळते आणि पाण्याचा ओढा जास्त घेते, हे आम्हाला ठाऊक आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जाळीवरचा जोर चौपट होतो. म्हणूनच जागा संथ पाण्यातली मागितली आहे. नायलॉन पाण्यात बुडते, पॉलिइथिलीनची जाळी तरंगते आणि तळ वर उचलला जातो. तशी जाळी आली तर तळाला शिशाचे वजन ओवून घ्यावे लागेल, आणि ते शिवणीच्या आत झाकलेले असले पाहिजे.

तळाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण घात तिथेच आहे. जाळीचा तळ म्हणजे फरशी नव्हे. तो माणसाच्या भाराने मध्यावर लवतो. चार मुले चार कोपऱ्यांत उभी राहिली की चौघेही ओघळत मध्यावर येतात, एकमेकांच्या अंगावर पडतात, आणि काठावर तीन फूट असलेले पाणी मध्यावर साडेतीन-चार फूट होते. याला उपाय म्हणजे तळाखाली आडवे-उभे ताणलेले पट्टे किंवा चौकट. चौकट नसलेला हौद मुलांसाठी स्वीकारू नये. मुलांचा उथळ आणि मोठ्यांचा खोल असे दोन हौद वेगळे असावेत आणि एका वेळी आत किती जण उतरतील तो आकडा नळीवरच रंगवलेला असावा.

बायकांच्या पेहरावाचा विचार कुठल्याही परदेशी बनावटीत सापडणार नाही. आमच्याकडे पर्वणीला बाया नऊवारी-सहावारीत पाण्यात उतरतात. ओला पदर तळाच्या जाळीला चिकटतो, पायातली जोडवी डोळ्यात अडकतात, बांगडी कडेच्या दोराला अडते. अडकलेली बाई घाबरून खाली वाकते आणि तिथेच तोंडात पाणी जाते. त्यासाठी बायकांकरिता ठरावीक वेळ असावी, त्या वेळी पाण्यात बाईच जीवरक्षक असावी, काठावर कपडे बदलायला आडोसा असावा आणि उतरण्यापूर्वी जोडवी-पैंजण काढून ठेवण्याची सोय असावी. प्रत्येक जीवरक्षकाच्या कमरेला जाळी कापणारा बोथट टोकाचा चाकू पाहिजे. जाळी पुन्हा विणता येते.

तिसरी मागणी होडीला जोडून वापरण्याच्या नियमांची. हौद सोडण्याआधी होडी नांगरलेली असावी, इंजिन बंद करून पंखा पाण्याबाहेर उचललेला असावा आणि किल्ली नावाड्याच्या गळ्यात असावी. ‘थोडेसे पुढे घेऊ’ म्हणून हौदात माणसे असताना इंजिन सुरू करणाऱ्याचा परवाना त्या दिवसापासून रद्द करावा. तो आमचा सभासद असला तरी आम्ही त्याची बाजू घेणार नाही. हौद होडीच्या खालच्या अंगाला, पाणी जाते त्या बाजूला बांधावा. फुगवट्यात पाणी थांबलेले असते आणि वारा जास्त ओढतो, तिथे वाऱ्याची दिशा पाहावी. लांबच्या दोन कोपऱ्यांना वेगळे नांगर हवेत, नाहीतर वाऱ्याच्या झोताने हौद फिरून होडीखाली जातो. होडीकडचा दोर सुरगाठीने बांधावा, म्हणजे गरज पडली तर एका ओढीत सुटेल. धूर सोडणारा डिझेल पंप किंवा जनरेटर होडीच्या मागच्या अंगाला चालवू नये. तो धूर पाण्यालगत पोहणाऱ्याच्या नाकात जातो आणि विषारी असतो. हौदाबाहेर पाच मीटरपर्यंत कुणी पोहायचे नाही, कारण बाहेरून जाळीखाली गेलेला माणूस वरून दिसत नाही. दिवस मावळण्याच्या एक तास आधी सगळे बाहेर. आकाशात वावटळ दिसली तर लगेच बाहेर. उजनीला वाऱ्याने किती वेळ दिला ते सर्वांनी पाहिले आहे.

चौथी मागणी रोजच्या राखणीची आहे आणि ती या पत्राचा गाभा आहे.

सकाळी पहिला माणूस उतरण्यापूर्वी दोन जणांनी, एकाने बाहेरून आणि एकाने आतून, जाळीवर हात फिरवत पूर्ण फेरी मारावी. डोळ्यांनी पाहणे पुरत नाही. तापीचे पाणी गढूळ असते आणि तुटलेला धागा बोटालाच कळतो. एक डोळा तुटला असेल तर तिथल्या तिथे सुईदोऱ्याने बांधावा. त्याहून जास्त तुटले असेल तर त्या दिवशी हौद बंद. काठ्या, निर्माल्य, बाटल्यांचे तुकडे काढावेत. पाण्यात सोडलेला दिव्याचा द्रोण वाहत येऊन नळीला टेकला तर प्लास्टिक वितळते. म्हणून दिवे सोडण्याची जागा हौदाच्या खालच्या अंगाला, वेगळी आखून द्यावी. श्रद्धेला अडवायचे नाही, फक्त जागा बदलायची.

हवेचा दाब रोज तीनदा मोजावा. वैशाखात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि उन्हातल्या नळीतली हवा त्याहून तापते. पहाटे २५ अंशांना ०.२ बार दाबाने भरलेली नळी आतली हवा ५० अंशांवर गेली की ०.३ बारच्या आसपास पोचते, म्हणजे दीडपट. शिवण तिथेच उसवते. उलट, दुपारी टणक भरलेली नळी पहाटे मऊ पडते आणि तिचा काठ पाण्याखाली जातो. त्यामुळे पहाटे भरायची, दुपारी थोडी सोडायची, संध्याकाळी पुन्हा पाहायची. दाबमापकाशिवाय नुसत्या अंगठ्याने चाचपून काम चालणार नाही. पायपंप आणि विजेचा पंप, दोन्ही जागेवर असावेत.

पंक्चर शोधायला साबणाचे पाणी पुरते, ते कुणालाही येते. पण सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन पीव्हीसीवर टिकत नाही. त्याला पीव्हीसीचा दोन भागांचा गोंद लागतो. जागा काचकागदाने घासून, पुसून कोरडी करावी लागते आणि ठिगळ लावल्यावर चोवीस तास हवा भरायची नसते. हे साहित्य हौदाबरोबरच यावे आणि संपले की पंधरा दिवसांत मिळावे. दुरुस्तीसाठी हौद मुंबई-पुण्याला पाठवायची वेळ आली तर त्याचा हंगाम गेलाच म्हणून समजा.

आठवड्यातून एक दिवस हौद पूर्ण बंद ठेवून जाळी काढावी, शेवाळ ब्रशने घासावे आणि जाळी सावलीत वाळवावी. ऊन शेवाळ मारते, पण धागाही मारते. धुण्याची पावडर किंवा ब्लीचिंग नदीत घालू नये. मृगाच्या आधी हौद पाण्याबाहेर काढावा आणि दिवाळीनंतर पाणी निवळल्यावरच पुन्हा सोडावा. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दारे आहेत, आणि ती उघडल्यावर तापीत कुठलाही नांगर टिकत नाही. पावसाळ्यात नळी धुऊन, पूर्ण वाळवून, शंखजिऱ्याची पूड लावून सैल गुंडाळावी. दरवर्षी त्याच घडीवर दुमडली तर तिथेच तडा जातो. जाळी जमिनीवर टाकू नये, उंच टांगावी. गोदामातल्या उंदीर-घुशी एका पावसाळ्यात तिचे वाटोळे करतात.

हे सगळे नोंदवहीत लिहिले जावे : तपासणी कुणी केली, दाब किती, काय दुरुस्त केले, किती माणसे उतरली आणि किती बाहेर आली. शेवटचे दोन आकडे रोज संध्याकाळी जुळलेच पाहिजेत.

पाचवी मागणी माणसांची. प्रत्येक हौदावर चार जीवरक्षक असावेत, त्यांतली किमान एक बाई, आणि ते त्याच काठच्या गावांतले असावेत. जाळीची दुरुस्ती स्थानिक मासेमारांना द्यावी, ते काम त्यांच्या बोटांत आहे. जीवरक्षकांचे प्रशिक्षण गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेकडून किंवा तारकर्लीच्या प्रशिक्षण केंद्रातून व्हावे आणि धुळ्याच्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाबरोबर वर्षातून दोनदा सराव व्हावा. प्रथमोपचारात एक गोष्ट ठासून शिकवावी. बुडालेल्याला उलटे टांगणे, पोटावर दाबणे, गोल फिरवणे यात मोलाची मिनिटे जातात. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देऊन लगेच छाती दाबायला घ्यायची आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. हे काठच्या प्रत्येक शाळेत आठवीपासून शिकवले जावे. यासाठी २५ जुलै, संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये ठरवलेला जागतिक बुडणे प्रतिबंध दिन, सोयीचा आहे. शाळा भरलेल्या असतात आणि नद्या भरून वाहत असतात.

हौद बंद करण्याचा अधिकार मुख्य जीवरक्षकाला लेखी द्यावा. यात्रेच्या दिवशी, पुढारी आले असताना, हजार माणसे रांगेत असतानाही त्याने ‘आज बंद’ म्हटले की बंद. त्याच्यावर दबाव आणणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहिण्याची त्याला मुभा हवी आणि त्याचे मानधन दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत मिळावे. ज्याचे मानधन सहा-सहा महिने थकते तो माणूस भल्या पहाटे पाण्यात उतरून जाळी चाचपणार नाही, त्याला दोष देता येणार नाही.

सहावी मागणी पैशाची. जिल्हा वार्षिक योजनेतल्या नावीन्यपूर्ण योजनांच्या तरतुदीतून हौद घ्यावेत, पण खरेदीच्या रकमेइतकी रक्कम पाच वर्षांच्या देखभालीसाठी वेगळी राखून ठेवल्याशिवाय खरेदीचा आदेश काढू नये. मोठ्यांकडून माफक शुल्क घ्यायला हरकत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणि पर्वणीच्या दिवशी भाविकांना फुकट असावे. शुल्क त्याच हौदाच्या देखभालीत जावे, इतर कुठल्या खात्यात नको. होड्यांची नोंदणी आणि तपासणी अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ प्रमाणे जिल्ह्यातच शिबिर घेऊन व्हावी. त्यासाठी नावाड्याला मुंबईच्या खेपा घालायला लावू नयेत.

सातवी मागणी तापी पाटबंधारे विकास महामंडळाशी संबंधित आहे आणि ती हौद असो वा नसो, आजच लागू व्हावी. कुठल्याही धरणातून किंवा बॅरेजमधून विसर्ग सोडण्यापूर्वी, आणि विसर्ग वाढवताना दर वेळी, खालच्या काठच्या नावाड्यांना, मासेमार सोसायट्यांना आणि सरपंचांना फोन व संदेश जावा आणि काठावर भोंगा वाजावा. संदेशात नुसते क्युसेक नकोत. आमच्या घाटावर पाणी अंदाजे किती वाजता पोचेल आणि किती पायऱ्या चढेल ते सांगावे. कानबाईच्या आणि गणपतीच्या विसर्जनाला नदी चढलेली असते, तेव्हा जाळीहौद चालणार नाही. त्या दिवसांसाठी घाटावर आडवा दोर, दोन बचाव होड्या आणि पाण्यात उतरण्याची ठरलेली हद्द एवढे द्यावे.

शेवटची मागणी नदीबाहेरची आहे, पण ती लिहिल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. शेततळ्यांत पडलेली माणसे काढायलाही आम्हालाच बोलावतात. तळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की त्यावर बोट टिकत नाही. पट्टीचा पोहणाराही काठ हाताशी असून वर येऊ शकत नाही, थकतो आणि जातो. अनुदान घेतलेल्या प्रत्येक शेततळ्याला तारेचे कुंपण, चारी बाजूंनी पाण्यापर्यंत लोंबणारे गाठींचे दोर आणि एक हवा भरलेली ट्यूब सक्तीची करावी. दोर आणि जुन्या ट्यूबला फार पैसे लागत नाहीत. कृषी विभागाने अनुदानाचा शेवटचा हप्ता हे दोर पाहिल्यावरच सोडावा.

आमची विनंती अशी की, या पत्रावर आपल्या अध्यक्षतेखाली महिनाभरात बैठक बोलवावी. बैठकीला पाटबंधारे, मत्स्यव्यवसाय, कृषी, आरोग्य, प्रदूषण नियंत्रण मंडळ, राज्य आपत्ती प्रतिसाद दल आणि शिंदखेडा व शिरपूरचे तहसीलदार असावेत. आमच्याकडून पाच जण येतील, त्यांत दोन बाया असतील. जागा दाखवायला, नमुन्याची जाळी पाण्यात ताणून पाहायला आणि पहिल्या हंगामाचा पहिला महिना मोबदल्याशिवाय राखण करायला आमचे सभासद तयार आहेत. बैठकीची तारीख लेखी कळवावी, म्हणजे त्या दिवशी कुणी जाळी टाकायला जाणार नाही.

कळावे.

आपले,
धुळे जिल्ह्यातील तापी-पांझराकाठचे नावाडी, मासेमार व पोहणारे
(सभासदांच्या सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
कार्यकारी अभियंता, तापी पाटबंधारे विकास महामंडळ
मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, धुळे
जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, धुळे
सरपंच, काठच्या सर्व ग्रामपंचायती